लिव्हरची साक्ष

आमच्या स्टाफरूममध्ये वजनाबद्दल बोलायचा हक्क एकाच बाईला होता, आणि ती म्हणजे वसुधाताई पोतनीस. दुसऱ्या कुणी तो विषय काढला की त्याची खैर नसे. गणिताचे तिवारी सर एकदा पोह्यांची प्लेट हातात घेऊन मोठ्या आपुलकीने म्हणाले, "मॅडम, सुबह घूमने जाया करो. कोठी रोड पे क्या हवा चलती है!" वसुधाताईंनी तोंडातली जिलबी शांतपणे संपवली, बोटं पुसली आणि म्हणाल्या, "तिवारी जी, आपके बाल जा रहे हैं. मैंने कभी कहा कि उगा लो?" तिवारी सरांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. त्यानंतर बरेच दिवस ते त्यांच्याशी फक्त टाइमटेबलबद्दल बोलत.

उज्जैनच्या फ्रीगंजातल्या त्या शाळेत वसुधाताई अकरावी-बारावीला बायोलॉजी शिकवायच्या आणि मी हिंदी. सगळ्या स्टाफमध्ये मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, म्हणून आमचं जमलं. आमचं मराठी तरी कसलं म्हणा! निम्मं हिंदी. आता मी पुण्यात राहते आणि "चक्कर येऊन राहिली" असलं काही तोंडातून गेलं की शेजारणी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघतात. बघोत बापड्या. वसुधाताईंना ऐकलं असतं तर त्या बसल्या जागी गार झाल्या असत्या.

त्या होत्या मोठ्या. मोठ्या म्हणजे लॅबच्या दारातून अंग तिरकं करून आत जाणाऱ्या. शाळेच्या हातांच्या खुर्चीत मावत नसत, म्हणून त्यांनी सुताराकडून बिनहातांची एक भक्कम खुर्ची करून घेतली होती, आणि तिच्यावर प्रिन्सिपॉलसुद्धा बसायला धजत नसत. साड्या भैरवगढच्या, ठसठशीत छाप्याच्या. मी एकदा म्हटलं, बारीक नक्षीत माणूस जरा बारीक दिसतं म्हणतात. "शुभदा," त्या म्हणाल्या, "हत्तीने झाडामागे लपायचं नसतं. रस्त्याच्या मधोमध चालायचं." आणि चालायच्याही तशाच. गुडघे दुखत, पण मान कधी खाली गेली नाही.

चरबीचा धडा शिकवताना मागच्या बाकांवर खुसखूस व्हायचीच. पोरीच त्या. वसुधाताई खडू खाली ठेवत आणि म्हणत, "हँस लो पहले. हो गया? अब मुझे ही देखो, इससे बढ़िया मॉडल पूरे जिले में नहीं मिलेगा." मग फळ्यावर मोठा गोल काढायच्या आणि त्याच्या कडेला एक बारीक ठिपका. "ये फैट का सेल. पूरे घर में तेल भरा है और घर का मालिक, न्यूक्लियस, बेचारा कोने में चिपका है." वर्ग हसायचा आणि तो गोल जन्मभर विसरायचा नाही. मी मोकळ्या तासाला बाहेर व्हरांड्यात उभी राहून ऐकायची, तर हिंदीवाल्या मलासुद्धा अजून येतो काढता.

"चरबीला शिव्या द्यायच्या नाहीत," असं त्यांचं म्हणणं. "चरबी म्हणजे कोठार. कातडीखालच्या कोठारात धान्य आहे तोवर काही बिघडत नाही. कोठार भरून वाहायला लागलं की पोती जिन्यात ठेवायची, देवघरात ठेवायची. ती लिव्हरमध्ये गेली की भानगड सुरू. आणि लिव्हर बिचारं घरातल्या थोरल्या सुनेसारखं, बोलतच नाही काही. एके दिवशी एकदम कोसळतं."

आणि एक शब्द त्यांच्या तोंडात सारखा असायचा, "सबूत?" पोरगी म्हणाली, मॅडम, बिजली नहीं थी इसलिए होमवर्क नहीं हुआ, की, "सबूत?" शिपाई म्हणाला, अमक्या सरांचं अमक्या मॅडमबरोबर काहीतरी आहे, की, "सबूत? नहीं है? तो जीभ अंदर." चहाबरोबर चघळायला कुणाची तरी अब्रू लागते असे लोक सगळ्या शाळांत असतात, आमच्याकडेही होते. वसुधाताई खोलीत आल्या की ते पावसावर बोलायला लागायचे. मला वाटायचं, सायन्सची बाई, तिला सवयच असणार पुराव्याची. कारण मला खूप नंतर कळलं.

कळलं ते भैरवगढला. भाच्याच्या मुंजीसाठी चादरी घ्यायला आम्ही दोघी गेलो होतो. कापडाच्या छापखान्यात ठसे मारण्याची टकटक चालू होती, रंगाच्या वासाने डोकं जड झालं होतं. परतताना रिक्षा काळभैरवाच्या देवळावरून निघाली, तेव्हा मी म्हटलं, दर्शन घेऊ या का? वसुधाताईंनी रिक्षा थांबवली, पण उतरल्या नाहीत. बाहेरच्या दुकानांत फुलांच्या टोपल्यांतून बाटल्या मांडलेल्या होत्या. उज्जैनच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. आमच्या काळभैरवाला दारूच चढते. पुजारी थाळीत ओततो, देवाच्या ओठांना लावतो, आणि उरलेली बाटली प्रसाद म्हणून भक्ताच्या हातात परत देतो.

"बाबा दर रविवारी यायचे इथे," त्या म्हणाल्या. "सायकलच्या दांड्यावर मी."

मग रिक्षातच बसून त्यांनी सांगितलं. त्या तान्ह्या असताना तापाने हाताबाहेर गेल्या होत्या. वडिलांनी नवस बोलला, पोर वाचली तर जन्मभर दर रविवारी तुझी बाटली चुकवणार नाही. पोर वाचली. वडील सरकारी नोकरीतले, पोतनीसांच्या घराण्याचे, दोन वेळा संध्या करणारे. घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. पण दर रविवारी दारूच्या दुकानातून बाटली घेऊन सायकलवर निघायचे, आणि ते सगळी आळी बघायची. उरलेली बाटली ते देवळाबाहेर बसलेल्या एखाद्याला देऊन टाकत, थेंब न घेता. हे बघणारी एकटी वसुधा, आणि ती लहान.

पोटाने ते सुटलेले होते, साखरही होती. उतारवयात त्यांचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं. डॉक्टरांनी सिरोसिस असा शब्द लिहिला. त्या काळी त्या शब्दाचा एकच अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. डॉक्टर म्हणाले, "पोतनीस साहब, अब तो छोड़ दीजिए." वडील म्हणाले, "मैं पीता ही नहीं." डॉक्टर हसले आणि म्हणाले, "सब यही कहते हैं." आणि बाजूला वसुधाताईंची आई, माई, उभी होती.

"माईने त्या दिवशी डॉक्टरवर विश्वास ठेवला," वसुधाताई म्हणाल्या. "बाबांवर नाही. आळीत म्हणत होतेच, काळभैरवाचा प्रसाद पोतनीसांना जरा जास्तच लागलेला दिसतो. बाबा गेले ते दारुडे म्हणून गेले, शुभदा. ज्या माणसाने आयुष्यात खोकल्याचं औषधसुद्धा वास घेऊन परत ठेवलं. मी किती वेळा सांगितलं माईला. ती म्हणते, बापाची वकिली करू नकोस."

"मग?"

"मग काय? बायोलॉजी शिकले." आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चलो भैया, नानाखेड़ा."

नानाखेड्याच्या त्यांच्या घरी माईंना मी पुष्कळदा भेटले होते. बारीक, ताठ, ऐंशीच्या पुढची बाई. लेकीवर जीव, स्वयंपाक एक नंबर, जीभ तिखट. नवऱ्याचं नाव काय, त्यांचा उल्लेखसुद्धा करत नसत. श्राद्ध-पक्ष सगळं वेळच्या वेळी करत, पण तोंड घट्ट मिटून, वीजबिल भरावं तसं. मला आधी वाटायचं, जुनी माणसं, नसतील बोलत. त्या रिक्षेनंतर माईंच्या घरचा चहा माझ्या घशाखाली नीट उतरेना.

मग वसुधाताईंचाच नंबर लागला. शाळेत एक आरोग्य शिबिर झालं, त्यात त्यांची साखर चढलेली निघाली. पुढे तपासण्या झाल्या. लिव्हरवर चरबी होती, नुसती चरबी नव्हे, लिव्हर कडक व्हायला लागलं होतं. डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे, पण याच रस्त्याने गेलात तर पुढचं स्टेशन सिरोसिस. त्यांनी रिपोर्ट स्टाफरूमच्या टेबलावर माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बघ. बाबांचंच लिव्हर." मला रडू आलं. त्यांच्या डोळ्यांत मात्र काहीतरी वेगळंच होतं. ती बाई भ्यायली होती, पण खूशही होती.

"ताई, वेड लागलंय का तुम्हाला?"

"अगं, मी घेते का दारू? सांग ना, घेते का? नाही ना? मग हे लिव्हर असं कसं झालं? जसं माझं झालं तसं त्यांचं झालं. इतकी वर्षं मी सबूत शोधत होते आणि तो माझ्याच बरगड्यांखाली!" मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "पण मरायचं नाहीये मला. मी मेले तर माईला सांगणार कोण?"

पथ्य, चालणं, औषधं, सगळं करून झालं होतं. मी साक्षीदार आहे. त्यांचं वजन उतरायचं आणि भाड्याने दिलेल्या घरात मालक परत येतो तसं परत यायचं. शेवटी इंदूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, वजन उतरवायचं. लगेच स्टाफरूमचे सगळे तज्ज्ञ जागे झाले. "ये तो शॉर्टकट है मॅडम. विल पॉवर चाहिए." वसुधाताई म्हणाल्या, "आपके चश्मे का नंबर विल पॉवर से उतारकर दिखाइए, फिर मैं भी देखती हूँ."

मला त्यांनी फळ्याशिवाय शिकवलं. "जठराची लिंबाएवढी थैली करणार, आणि आतड्याचा रस्ता वळवणार. लोकांना वाटतं, पोट लहान म्हणून खाणं कमी म्हणून वजन कमी, संपलं. तेवढंच असतं तर उपासानेच झालं असतं ना! खरी गंमत पुढे आहे. अन्न नव्या रस्त्याने गेलं की आतडी वेगळे निरोप धाडायला लागतात. मेंदूला सांगतात, पोट भरलं. इन्सुलिनचं ऐकेनासं झालेलं शरीर परत ऐकायला लागतं. मग लिव्हर नवी चरबी बनवणं कमी करतं आणि साठलेली जाळायला घेतं."

"आणि लिव्हरचा कडकपणा?"

"तो जाईलच असं नाही. पुष्कळांचा जातो. माझा गेला पाहिजे." असं म्हणून त्यांनी तो विषय बंद केला.

इंदूरला मी त्यांच्याबरोबर गेले. माई येणार नाही म्हणत होत्या, पण आदल्या दिवशी लुगडं पिशवीत भरून दारात उभ्या. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाई माहिती विचारायला आल्या. तरुण होत्या, घाईत होत्या, कागदावरून नजर न काढता एकेक प्रश्न विचारत होत्या. साखर कधीपासून, गोळ्या कुठल्या. आणि त्याच सुरात, "शराब लेती हैं?"

"जी नहीं," वसुधाताई म्हणाल्या.

"कभी-कभी? पार्टी वगैरह में?"

तोवर माई खुर्चीतून उठल्या होत्या. एवढीशी बाई, पण आवाज असा की बाहेरची नर्स आत डोकावली. "मेरी लड़की ने कभी छुआ तक नहीं! मैं माँ हूँ, मुझे नहीं मालूम होगा? आप किससे क्या पूछ रही हैं!"

डॉक्टरीणबाईंनी आता मान वर केली. रागावल्या नाहीत. "माताजी, बैठिए. सबसे पूछना पड़ता है. इनका लिव्हर खराब है, इसलिए. लेकिन बिना पिए भी ऐसा होता है, बहुत लोगों का. मोटापा, शुगर, और घर में किसी को रहा हो तो और भी. घर में किसी को लिव्हर की तकलीफ थी?"

मी वसुधाताईंकडे बघितलं, त्या माईंकडे बघत होत्या. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं, पण त्यांनी ते गिळलं. माई बसल्या. पदर हातात घेऊन त्याची एकच दुमड घालत, उलगडत राहिल्या.

"इसके पिताजी को," शेवटी माई म्हणाल्या.

"वो लेते थे?"

माई परत पदराची दुमड घालायला लागल्या. डॉक्टरीणबाईंनी तो रकाना रिकामा सोडला आणि पुढचा प्रश्न विचारला.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या आणि त्यांनी माईंना मोबाइलवर आतला फोटो दाखवला. लालसर तपकिरी असायला हवं ते लिव्हर पिवळट, तुपकट दिसत होतं. माईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग त्यांनी विचारलं, "और जो पीते हैं, उनका कैसा दिखता है?"

"ऐसा ही, माताजी. टुकड़ा निकालकर माइक्रोस्कोप में देखो तो भी फर्क करना मुश्किल है. इसीलिए तो मरीज से पूछते हैं. और वो जो कहे, उस पे भरोसा करना पड़ता है."

माई जिथे होत्या तिथे बाकावर बसल्या. मी चहा आणला, तो तसाच गार झाला.

त्यानंतरच्या वसुधाताई बघायला मजा होती. चौथ्या दिवशी मला फोन, आवाज बारीक, पण उत्साह तोच: "शुभदा, साखर उतरली! वजनाचा अजून पत्ता नाही आणि साखर खाली! म्हटलं होतं ना, आतडी बोलायला लागतील!" शाळेत परत आल्या तेव्हा वाटीतून डाळीचं पाणी चमच्या-चमच्याने पीत. महिन्यागणिक साड्या सैल, ब्लाउज सैल, आवाज मात्र तेवढाच. केस गळले तेव्हा तिवारी सरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लीजिए, हिसाब बराबर." तिवारी सर इतके हसले की चहा सांडला. दोघांचं तेव्हापासून छान जमलं.

पोरींनी विचारलं, मॅडम, इतनी चर्बी गई कहाँ? "बताओ." कुणी म्हणालं घामातून, कुणी म्हणालं बाथरूममधून. "गलत. चर्बी जलती है तो पानी बनता है और कार्बन डाइऑक्साइड. ज्यादातर साँस से बाहर जाती है. साल भर से मैं इसी कमरे में साँस छोड़ रही हूँ. समझ लो, किसके सिर पे गई है." पहिल्या बाकावरच्या पोरीने ओढणीने नाक झाकलं. मग म्हणाल्या, "और एक बात. सेल मरा नहीं है. सिर्फ खाली हुआ है. गोला छोटा, पर गोला वहीं. इसलिए घमंड नहीं करने का."

सगळंच हसण्यावारी गेलं असं नाही. गणपतीत आमच्या मराठी मंडळाचं जेवण होतं. दाल-बाफले, म्हणजे डाळ आणि उकडून भाजलेले कणकेचे गोळे, आणि लाडू. तुपात बुडवलेला बाफला पानात पडला की माळव्यात माणसाला काय आणि देवाला काय, जेवा म्हणून वेगळं सांगावं लागत नाही. आणि आमची मराठी मंडळी वाढायला! एकीकडे माळव्याचं तूप, दुसरीकडे मराठी आग्रह. यातून कोण वाचणार? वसुधाताईंनी चतकोर बाफला घेतला होता. वाढणाऱ्या एक काकू ऐकेनात. "अगं, वाळलीस किती! एका लाडवाने काय होतंय? माझी शपथ आहे!" वसुधाताई म्हणाल्या, "काकू, माझं पोट लिंबाएवढं, तुमचा आग्रह भोपळ्याएवढा. कसं जमायचं?" सगळे हसले, पण लाडू पानात पडलाच, आणि शपथ मोडायची नाही म्हणून त्यांनी अर्धा खाल्ला.

थोड्या वेळात त्यांचा चेहरा पांढरा पडला. दरदरून घाम, छातीत धडधड. मंडळाच्या ऑफिसात सतरंजीवर आडवं करावं लागलं. काकू रडायला लागल्या. वसुधाताई डोळे मिटूनच म्हणाल्या, "रडू नका. साखर एकदम आतड्यात उतरली, म्हणून. थोड्या वेळात बरं वाटेल. पण एक शिका. माणूस नको म्हणतो तेव्हा ते खरं माना. फार सोपं असतं ते." काकूंना वाटलं लाडवाबद्दल बोलतायत. कोपऱ्यात माई उभ्या होत्या. त्यांनी वाकून लेकीच्या कपाळावरचा घाम पदराने पुसला.

माई बोलत नव्हत्या, हेच तर दुखणं होतं. वसुधाताई एकदा मला म्हणाल्या, "पुरावा मी दिला. निकाल माईने अजून राखून ठेवलाय." हसून म्हणाल्या, पण हसणं गालापर्यंतच होतं. त्यांनी माईंना एकदाही टोचलं नाही, विचारलं नाही. मी म्हटलं, स्पष्ट विचारा ना, सोक्षमोक्ष लावा. "नाही. वदवून घेतलं तर ती माझीच साक्ष होईल. तिची नको का?" मला त्यांचा राग आला होता, आणि माईंचा तर त्याहून जास्त. एक वाक्य बोलायला माणसाला किती वर्षं लागावीत?

वर्ष उलटल्यावर लिव्हरची तपासणी परत झाली. त्या सकाळी वसुधाताईंचा चेहरा बघवत नव्हता. इंदूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसल्या. मशीनवाल्याने बरगड्यांवर ते यंत्र टेकवलं आणि ठक ठक करून मोजलं. डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या, "फैट लगभग गया. और कड़ापन भी उतरा है, एक दर्जा. पूरा नॉर्मल नहीं है, ध्यान रखना पड़ेगा. पर आप जिस रास्ते पर थीं, उससे लौट आई हैं." वसुधाताईंनी टाळीच वाजवली, दवाखान्यात! मग डॉक्टरीणबाईंनी मला धीर द्यायला पाणी मागवलं, कारण रडत मी होते.

घरी माईंना सांगितलं. माईंनी देवापुढे साखर ठेवली. आणि मग वळून म्हणाल्या, "रविवारी मला काळभैरवाला ने."

ज्या देवळाचं नाव घरात निघत नव्हतं तिथे! वसुधाताईंनी फक्त "बरं" म्हटलं. मी उज्जैन सोडण्याआधीचा तो शेवटचा रविवार. यजमानांची बदली झाली होती, घरात खोकी बांधलेली होती. तरी मी गाडी घेऊन गेले. असल्या दिवशी मी घरी बसणार होते होय?

देवळाबाहेर उतरल्यावर माई आमच्या दोघींच्या पुढे चालत थेट दुकानाशी गेल्या. नऊवारीतली म्हातारी बघून दुकानदाराने फुलांची टोपली पुढे केली. माईंनी बोट दाखवलं बाटल्यांकडे.

"माताजी, कौन सी दूँ?"

"सादी वाली. हमारे ये सादी ही चढ़ाते थे."

मी वसुधाताईंचा हात धरला. "हमारे ये!" इतक्या वर्षांत माईंच्या तोंडून नवऱ्याचा उल्लेख मी पहिल्यांदा ऐकला.

आत गर्दी होती. वसुधाताई माईंना सावरत पायऱ्या चढल्या, एकदाही न थांबता. पुजाऱ्याने थाळीत ओतलं, देवाला लावलं आणि उरलेली बाटली माईंच्या हातात परत ठेवली. माई ती दोन्ही हातांनी धरून बाहेर आल्या. लेकीला विचारलं, "कुठे द्यायचे ते?"

"इथेच. बाहेर बसलेल्या कुणाला तरी. मग हात धुवायचे आणि मला दांड्यावर बसवायचे."

"तू तेव्हाच सांगितलं होतंस," माई म्हणाल्या. "एवढीशी होतीस. खोटं बोलतेस म्हणून मी तुला मारलं होतं."

वसुधाताईंनी माईंच्या खांद्यावरून घसरलेला पदर सारखा केला.

तेवढ्यात दुकानाशी टेकलेल्या एका टवाळाने म्हातारीच्या हातातली अर्धी बाटली बघितली आणि हाळी दिली, "क्यों अम्मा, आज अकेले-अकेले?" त्याचे दोन-तीन सोबती हसले. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण माईंनी मला हाताने थांबवलं. त्या वळल्या. इंदूरच्या दवाखान्यात निघाला होता तोच आवाज.

"सुनो भैया. हमारे घर में कोई नहीं पीता. न मैं, न मेरी लड़की." मग त्यांनी बाटली छातीशी घट्ट धरली. "न इसके पिताजी. एक बूँद नहीं. कभी नहीं पी उन्होंने."

तो माणूस ओशाळला. "अरे अम्मा, मैं तो मजाक में..." असं काहीतरी पुटपुटत बाजूला झाला. माईंनी कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्यापुढे वाकून बाटली ठेवली, आणि त्यांना परत उभं राहता येईना.

वसुधाताई खाली त्या धुळीत आईशेजारी बसल्या. भैरवगढची ठसठशीत छाप्याची साडी, गर्दीच्या मधोमध. माईंचं डोकं त्यांनी छातीशी धरलं होतं, आणि दोघी मोठमोठ्याने रडत होत्या. येणारेजाणारे त्यांना वळसा घालून आत जात होते. मी गाडीशी थांबले. हाक मारायची मला काही घाई नव्हती.